कोबीच्या रंगाची वीस लाळेरी

घरात पांढरं असं आता लॅबकाकांच्या डोक्यावरचे केस आणि फ्रीज एवढंच उरलं होतं. बाकी सगळं रंगून झालं होतं. पडदे कांद्याच्या सालींत, उशांचे अभ्रे डाळिंबाच्या सालींत, टेबलावरचं कापड चहाच्या चोथ्यात. काकूंनी कपाटात चार साड्यांच्या मागे लपवलेला शेवटचा पांढरा टॉवेल मंगळवारी सकाळी बाल्कनीतल्या दोरीवर तपकिरी होऊन लटकत होता. काकूंनी तो ओढून काढला आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे?”

“अक्रोडाची टरफलं!” लॅबकाका एकदम खुलले. “काय बसलाय ना रंग? आणि नुसता रंग नाही हं. या टॉवेलात आता जंतू वाढायचे नाहीत.”

“जंतूंचं राहू दे. यात आता मीसुद्धा अंग पुसायची नाही!”

लॅबकाकांनी तीस वर्षं एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळली होती. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं, मास्तरांचा प्रयोग फसला की मागून हळूच दुसरी बाटली पुढे सरकवणं, हे त्यांचं काम. ‘लॅबकाका’ हे नाव शाळेतल्या पोरांनी दिलेलं, ते निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आलं. आणि घरी आल्यावर त्यांना झाडपाल्याच्या रंगांनी असं काही झपाटलं की विचारता सोय नाही. बाल्कनीत तीस लिटरचं पातेलं आलं, शेगडी आली, ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी दांडा आला. “कापडाने नुसतं अंग झाकायचे दिवस गेले,” असं ते दूधवाल्यालाही थांबवून सांगत. “आता कापडाने काम केलं पाहिजे, काम!” वास न येणाऱ्या मोज्यांचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या मुलावर केला होता. सलग पाच दिवस तेच मोजे. सहाव्या दिवशी मुलाने फिरतीची नोकरी पत्करली. तो म्हणतो योगायोग होता, काकू म्हणतात नव्हता.

टॉवेलाचं भांडण ऐन भरात आलं असताना सूनबाई आली. सूनबाई दातांची डॉक्टर. तिचा स्वतःचा दवाखाना शनिवारी उघडणार होता आणि गेला महिनाभर ती जेवतानाही उभीच असायची.

“बाबा, मला तुमच्याकडून एक काम करून हवंय.”

लॅबकाका खुर्चीतून उठलेच. या घरात रंगाच्या बाबतीत लोक त्यांना फक्त ‘नको’ म्हणत आले होते.

“लहान मुलं पांढरा कोट बघितला की तोंडच उघडत नाहीत. मला फिकट जांभळे कोट हवेत, दोन. आणि पेशंटच्या गळ्यात बांधायला वीस लाळेरी. बाजारातली लाळेरी एकदा वापरून फेकायची असतात, रोज टोपलीभर प्लास्टिक होतं. मला कापडाची हवीत, पुन्हा पुन्हा वापरता येतील अशी. जमेल?”

“जमेल? अगं, जमेल म्हणजे काय!”

“पण बाबा, घोळ नको हं. पहिल्याच दिवशी शाळेची वीस मुलं येणार आहेत, त्यांच्या मोठ्या बाई स्वतः येणार आहेत. त्यांना पटलं तर अख्ख्या शाळेच्या दातांची तपासणी वर्षभर माझ्याकडे. नाही पटलं तर मी आणि खुर्ची एकमेकींकडे बघत बसू.”

“माझी एक अट आहे,” काकू टॉवेलाची घडी घालत म्हणाल्या. “या वेळी जर काही फसलं, तर रविवारी ते पातेलं भंगारवाल्याकडे जाईल.”

“मंजूर!” लॅबकाका म्हणाले. त्या क्षणी कोणी बाल्कनी मागितली असती तरी त्यांनी देऊन टाकली असती.

आता जांभळा रंग नीट करायचा तर आधी कापड निळीत बुडवायचं, वाळवायचं, मग मंजिष्ठेच्या लाल पाण्यात घालायचं, पुन्हा वाळवायचं. असा रंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण त्याला आठवडा लागतो. हाताशी होते चार दिवस. बुधवार सगळा विचारात गेला. विचार करताना लॅबकाकांना आंबट गोळी चघळायची सवय होती. गेल्या महिन्यात सूनबाईने त्यांच्या दाढेवर टोपी बसवली आणि आंबट गोळ्या कायमच्या बंद केल्या, तेव्हापासून त्या बंदच होत्या. निदान चारचौघांत तरी.

गुरुवारी सकाळी भाजीवालीने त्यांच्यासमोर जांभळा कोबी चिरला आणि तिच्या पाटीवर जे पाणी सांडलं, ते बघून लॅबकाका जागच्या जागी थबकले. हाच तो रंग! सूनबाईने सांगितला होता तो, अगदी हाच!

“किती देऊ?”

“सगळे द्या.”

अकरा कोबी दोन पिशव्यांत कोंबून ते जवळजवळ धावत घरी आले. दुपारपर्यंत बाल्कनीत पातेलं रटरटत होतं, तुरटीच्या पाण्यात भिजवलेले कोट त्यात गटांगळ्या खात होते आणि लॅबकाका दांडा फिरवत मोठमोठ्याने गात होते. खालच्या मजल्यावरून कोणीतरी खिडकी लावून घेतली. ते गाण्यामुळे की वासामुळे, हे कळायला मार्ग नव्हता. उकडलेली पानं टाकवेनात म्हणून गुरुवारी दोन्ही वेळा कोबीची भाजी झाली आणि शुक्रवारी कोबीचं सूप.

पण शुक्रवारी दुपारी कपडे दोरीवर आले आणि काकूसुद्धा जवळ येऊन बघत राहिल्या. इतका सुंदर, शांत जांभळा रंग या घरात आजवर कशालाच आला नव्हता. दोन कोट आणि वीस लाळेरी ओळीने वाऱ्यावर हलत होती. एकविसावं लाळेरं असावं तिथे लॅबकाकांचा नवा शर्ट होता. उद्घाटनासाठी काकूंनी मुद्दाम आणलेला, कालपर्यंत पांढरा.

“माझा जीव गेला तो शर्ट शोधताना,” काकू म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. “साबण लावून बघितलात का?”

“वनस्पतीचा रंग आहे तो, नाजूक असतो! त्याला कोणी लगेच साबण लावतं का?”

“मग पुन्हा पुन्हा वापरायची कशी ती लाळेरी?”

हा प्रश्न चांगला होता. म्हणूनच लॅबकाकांनी तो ऐकला नाही.

शनिवारी सकाळी सहाला काकू उठल्या. इस्त्री करायला त्यांनी एक कोट उचलला तर त्याला कोबीचा वास! पहिल्याच दिवशी सुनेच्या अंगाला सुपाचा वास येऊन कसं चालेल? सासूच्या मायेने त्यांनी बादलीत पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला आणि कोट हळूच बुडवला.

“अहो!”

लॅबकाका दाढी अर्धी टाकून धावले. बादलीत हिरवागार कोट होता.

“मी काही केलं नाही,” काकू म्हणाल्या. “नुसता सोडा टाकला.”

“सोडा! अगं... थांब, लिंबू आण. लिंबू!”

लिंबू पिळलं. जिथे थेंब पडला तिथला हिरवा रंग बघता बघता जांभळा झाला. “आलं, आलं!” लॅबकाका ओरडले आणि त्यांनी भराभरा आणखी तीन लिंबं पिळली. कोट जांभळ्यावर थांबला नाही. तो पुढे निघाला आणि लहान मुलीच्या वाढदिवसाच्या फ्रॉकसारखा गुलाबी होऊन बसला.

“सोडा घाल, चिमूटभर!”

“घातला!”

“ही चिमूट आहे? मूठ आहे मूठ! लिंबू आण!”

हिरवा, जांभळा, गुलाबी, पुन्हा हिरवा. काकू एकदम हात थांबवून बादलीकडे बघत राहिल्या.

“अहो, हे तर तुमच्या शाळेतल्या त्या नळ्यांसारखं झालंय. तुम्ही नाही का दर वर्षी कोबी उकळून न्यायचात? सातवीच्या पोरांना दाखवायला? आंबट घातलं की गुलाबी, साबण घातला की हिरवं.”

लॅबकाका अर्ध्या दाढीनिशी स्टुलावर बसले. तीस वर्षं! तीस वर्षं तो प्रयोग त्यांनी स्वतःच्या हाताने मांडला होता. पण तिथे बाटलीवर ‘दर्शक’ अशी चिठ्ठी असायची. चिठ्ठी नसताना त्यांना ती भाजी वाटली होती. सुनेच्या अंगावर घालायला त्यांनी चक्क लिटमस पेपर शिवून आणल्यासारखं केलं होतं.

“पातेलं गेलं,” ते खोल आवाजात म्हणाले.

“पातेल्याचं नंतर बघू. आधी त्या पोरीचं काय?”

थेंबाथेंबाने करत साडेआठला कोट पुन्हा जांभळ्यावर आला. एक बाही जरा निळसर राहिली, पण ती खिडकीकडे करून बसायला सांगता आलं असतं. तेवढ्यात सूनबाईचा फोन आला. आता सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून लॅबकाकांनी तो उचलला.

“बाबा, निघालात ना? मी सगळ्यांना सांगितलंय, माझ्या सासऱ्यांनी स्वतः रंगवलेत म्हणून! मोठ्या बाई तर तुम्हाला भेटायचं म्हणतायत!”

“हो,” लॅबकाका म्हणाले. “निघालोच.”

फोन ठेवून ते काकूंकडे वळले. “हे बघ, घाबरायचं काही कारण नाही. आंबट आणि साबण, एवढ्या दोनच गोष्टी लांब ठेवायच्या. मी स्वतः पहारा देतो.”

“अहो, दातांचा दवाखाना आहे तो!”

दवाखाना छोटा पण नेटका होता. बाहेर बाकं, आत काचेचं दार, निळी खुर्ची, तिच्यावर मोठा दिवा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. लॅबकाका जांभळा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी आत शिरले आणि बेसिनवरची साबणाची बाटली पिशवीत टाकून बाहेर आले. मग त्यांनी बाकांवर बसलेल्या मुलांचा ताबा घेतला. एकीच्या हातातलं संत्रं काढून घेतलं. एकाचं सरबत काकूंना प्यायला लावलं. भिंतीपाशी मोठ्या बाई बसल्या होत्या, ताठ पाठ आणि मांडीवर वही. त्या वहीत काहीतरी लिहून घेत होत्या.

आतून हाक आली. “बाबा, साबण कुठे गेला?”

“संपला असेल.”

“सकाळीच नवी बाटली ठेवली होती!”

“मग चांगलंच आहे. लोक हात धुतायत.”

सूनबाईने कपाटातून दुसरी बाटली काढली, तेव्हा काचेपलीकडून लॅबकाकांना नुसते हात हलवता आले. तिने कोपरापर्यंत छान फेस केला. कोटाच्या दोन्ही बाह्यांना हिरवे काठ आले. तिचं लक्ष नव्हतं, कारण पुढचे दोन दात पडलेली पहिली मुलगी खुर्चीत बसली होती आणि सूनबाई तिला ब्रश कसा फिरवायचा ते दाखवत होती. पेस्ट सोड्याची होती. फेस हनुवटीवरून ओघळला आणि लाळेऱ्यावर टपकला.

“डॉक्टर!” मुलगी किंचाळली. “माझं लाळेरं हिरवं झालं!”

एकोणीस मुलं काचेच्या दाराला चिकटली. सूनबाईने लाळेऱ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाह्यांकडे, मग काचेतून सासऱ्यांकडे. सासरे भिंतीवरचं दाढेचं चित्र फार बारकाईने वाचत होते.

मोठ्या बाई उठल्या. “हे काय चाललंय? कसले रंग आहेत हे? मुलांच्या तोंडाला लागले म्हणजे?”

सूनबाईचा चेहरा उतरला. महिनाभर उभ्याने जेवलेली ती पोर तशी उभी राहिलेली बघून लॅबकाकांना राहवेना. पातेलं गेलं तर गेलं. त्यांनी दार ढकललं.

“बाई, चूक तिची नाही, माझी आहे. हा नुसता कोबी आहे, कोबी आणि तुरटी. अंगाला काही होणार नाही, आम्ही दोन दिवस तोच खातोय. पण मी आंधळ्यासारखा रंगवला. साबण लागला की हिरवा होतो आणि आंबट लागलं की...”

“गुलाबी!” मागून कोणीतरी ओरडलं.

गोंधळात एक गुटगुटीत मुलगा स्वतःच खुर्चीत चढून बसला होता, लाळेरंही त्याने स्वतःच बांधलं होतं, आणि तोंडातून गळालेल्या लाळेखाली एक गुलाबी ठिपका पसरत चालला होता.

लॅबकाकांच्या अंगात तीस वर्षांची प्रयोगशाळा संचारली. “थांबा! आंबट! काय खाल्लंस रे?”

“काही नाही.”

“कापड ‘खाल्लं’ म्हणतंय.”

मुलाने एकदा ठिपक्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग हळूच जीभ बाहेर काढली. जिभेवर संत्र्याची गोळी होती.

मग जो कल्ला झाला! “मला बघू दे!” “माझं कर!” “काका, मी काही खाल्लेलं नाही, माझं आधी!” ज्या खुर्चीला मुलं घाबरणार होती, तिच्यासाठी रांग लागली आणि रांगेत ढकलाढकली झाली. सूनबाई चलाख होती. तिला दोन मिनिटांत सगळं कळलं. “हे बघा,” ती हिरव्या बाह्या वर करत म्हणाली, “आंबट गोड गोळ्या दातांना अशाच पोखरतात, फक्त ते आपल्याला दिसत नाही. आज दिसतंय. कोणाचं लाळेरं जांभळंच राहतं ते बघू!” वीसच्या वीस मुलांनी घसा दिसेपर्यंत तोंडं उघडली. एकही रडलं नाही. चौघांनी तर न विचारता कबुलीजबाब दिले.

शेवटी मोठ्या बाई वही मिटून पुढे आल्या. “माझंही बघा. मी सकाळपासून फक्त पाणी प्यायलेय.”

जांभळंच राहिलेलं एक लाळेरं बांधून त्यांनी आपल्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि थुंकायच्या आधी दोन थेंब लाळेऱ्यावर पडले. खोली श्वास रोखून बघत होती. थेंब गुलाबी झाले.

“पाण्यात थोडं लिंबू होतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “रोजच असतं. दिवसभर घोट घोट घेते, वजनासाठी.”

“आणि गार पाणी प्यायलात की दात शिवशिवतात?” सूनबाईने विचारलं.

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“लाळेऱ्याने.”

मोठ्या बाई मनापासून हसल्या. वर्षभराची तपासणी तिथल्या तिथे ठरली, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मुलांसाठीही असेच ॲप्रन हवेत, असं त्यांनी वहीत लिहून घेतलं. लॅबकाकांचा ऊर भरून आला. तासाभरापूर्वी आपण चूक कबूल केली होती, हे ते साफ विसरले. खुर्चीच्या पायरीवर चढून त्यांनी हात उंचावला.

“मी म्हणतच होतो! कापडाने काम केलं पाहिजे! नैसर्गिक रंग आहे हा, बाजारातला नाही. या कापडापुढे कोणाचं काही लपत नाही! माणूस खोटं बोलेल, पण...”

“आजोबा,” दोन दात पडलेली मुलगी म्हणाली, “तुमचा खिसा.”

सगळ्यांनी पाहिलं. सकाळपासूनच्या धावपळीने घामेजलेल्या त्या सुंदर जांभळ्या शर्टावर, डाव्या खिशाच्या तळाशी, तीन गोल गुलाबी ठिपके उमटले होते. एकमेकांना चिकटून, नीट ओळीत.

काकू पुढे आल्या. त्यांनी खिशात दोन बोटं घातली आणि कागद निघालेल्या, अर्धवट विरघळलेल्या तीन आंबट गोळ्या बाहेर काढल्या.

“त्या... प्रयोगासाठी होत्या,” लॅबकाका म्हणाले.

सूनबाईने खुर्चीवर दोनदा थाप मारली. वीस मुलं आनंदाने बाजूला झाली. लॅबकाका बसले, दिवा त्यांच्या तोंडावर आला आणि जांभळंच राहिलेलं आणखी एक लाळेरं काकूंनी स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात बांधलं, जरा घट्टच. तोंड उघडं असल्यामुळे त्यांना नीट बोलता येईना, पण काकूंना तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने कळलं की ते पातेल्याचं विचारतायत.

“छे, भंगारात कशाला?” काकू म्हणाल्या. “उद्या सकाळी आणखी कोबी आणा. तुमचे सगळे शर्ट रंगवून घेऊ.”